ऐंशी वादकांना नारळ

आमच्या शेजारचे म्हसके सुभेदार रोज सकाळी कुणाला ना कुणाला कामावरून काढतात. बेल वाजते, मी दार उघडते, तर हे उभे. "वहिनी, आज दुसऱ्या बासरीला नारळ दिला. फार गुणी होती हो." मग सुतक असल्यासारखा चेहरा करून आमच्याच घरचा चहा पितात.

एकदा वरच्या मजल्यावरचे, अंबडच्या कारखान्यातले जाधव नेमके जिन्यात होते. त्यांच्या कानावर आलं, "सोळा व्हायोलिनवाल्यांना एका झटक्यात काढावं लागलं." जाधव पडले युनियनचे. म्हणाले, "सुभेदार, नोटीस तरी दिली होती का?"

"नोटीस कसली? खोडरबरानं काढलं."

तर भानगड अशी. सुभेदार देवळालीला लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिथं वाजवलेल्या एका जुन्या जर्मन सिंफनीतला मधला संथ भाग त्यांच्या डोक्यातून जात नाही. ऐंशी जणांनी मिळून वाजवायची चीज त्यांना दोघांपुरती करायची होती. मुख्य सुरावट त्यांच्या क्लॅरिनेटवर आणि उरलेला सगळा गोतावळा पियानोवर. पियानो म्हणजे माझ्या नातीनं टाकून दिलेला कीबोर्ड, आणि पियानोवाली म्हणजे मी. भजनी मंडळात पेटी वाजवते, तीही ऐकून ऐकून शिकलेली. पेटीला डावा हात भात्यावर असतो. इथं तोही कामाला लागला, तर पंगतीत डाव्या हातानं वाढल्यासारखं वाटायचं मला.

सुभेदार सारेगम लिहून द्यायचे आणि डोक्यावर उभे राहायचे.

"वहिनी, भजन नाही हे. इथं पळायचं नाही."

"अहो, पण किती रेंगाळायचं? देव उठून जाईल."

"जाऊ दे. जर्मन थांबेल."

सगळे गेले, पण दुसरा हॉर्न काही जाईना. हॉर्न म्हणजे ते वेटोळं घातलेलं पितळी वाद्य. दुसऱ्याच्या वाट्याला एका जागी चार लांब सूर, तेही इतक्या खालचे की कुणाला ऐकूसुद्धा येऊ नयेत. आणि नेमकी तिथंच माझी दहाही बोटं गुंतलेली. सुभेदार कितीतरी दिवस माझ्या हातांकडं बघत बसले.

"करंगळी जरा मोकळी वाटते."

"ती वरचा सा धरून बसलीय."

"मग अंगठा?"

शेवटी मी म्हटलं, "द्या की त्यालाही नारळ. एवढ्यांना दिलात."

सुभेदार चहा तसाच टाकून उठले. नंतर दोन दिवस बेल वाजली नाही. मग मीच गेले.

"दुसरा हॉर्न म्हणजे आमचा दगडू पगारे," ते म्हणाले. "माझ्या मागं बसायचा. टाळ्या मला पडायच्या. तो खालून धरायचा म्हणून मी वर मिरवायचो, वहिनी. आता मनमाडला असतो. दम्यानं वाजवणं सुटलं त्याचं. आपण वाजवणार त्या सोसायटीच्या कार्यक्रमाला बोलावलंय मी त्याला. तो येणार आणि त्याचेच सूर मी पुसून टाकू?"

मी घरी येऊन पुन्हा एकदा लावून बघितलं. बोटं तर दहाच.

कार्यक्रम रविवारी सकाळी, मिसळीच्या आधी. पहिल्या रांगेत पगारे बसले होते, बारीक अंगाचे, गळ्याला मफलर. सुभेदार इतकं गोड वाजवत होते की माझेच हात विसरायची वेळ आली. आणि ती जागा आली. या माणसानं काय करावं? मलासुद्धा काही न सांगता रंगात आलेली सुरावट मध्येच सोडली, क्लॅरिनेट थेट खर्जात नेलं आणि पगाऱ्यांचा पहिला लांब सूर धरला.

मागून जाधव म्हणाले, "विसरले वाटतं." सेक्रेटरींनी मिसळवाल्याला खूण केली. मी आपली एकटीच वरचे सूर वाजवत राहिले.

पहिल्या रांगेत पगाऱ्यांनी ओठ आवळले. हॉर्नच्या रुंद तोंडात घालतात तसा उजवा हात मांडीशी वाकवून धरला आणि छाती भरून घेतली. दम्याचा माणूस, पण चौथा सूर संपेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.