नानांची पिकदाणी

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला, की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी माझ्या दारात धापा टाकत उभा राहतो. "बाई, समोरच्या नानांना रक्ताच्या उलट्या व्हायल्यात. गाडी बोलवू का दवाखान्याची?" मी हातातलं काम खाली ठेवत नाही. "रंग कसा आहे?" एवढंच विचारते. "लालभडक असला तर नाशिकची. काळपट असला तर परदेशची." मग तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की गाडी आता दोघांसाठी बोलवावी लागणार.

तर हे आमचे किशननाना. रोज सकाळी, तोंड कोरं असताना, ओसरीवर बसून वाइन चाखतात. पितात म्हणायचं नाही, ते रागावतात. उंच दांड्याच्या प्याल्यात बोटभर ओतायची, प्याला गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, डोळे मिटायचे, मग घोट तोंडात खळखळा घोळवायचा आणि पितळी पिकदाणीत पिचकारी सोडायची. पिकदाणी त्यांच्या वडलांची. निजामाच्या राजवटीत ते तिच्यात पान थुंकायचे. आता मुलगा तिच्यात इटली, चिली, ऑस्ट्रेलिया थुंकतो. गिळत मात्र एक थेंब नाही. "बाई, गिळला तो बेवडा, थुंकला तो पारखी," हे त्यांचं ब्रीद.

थुंकण्याची त्यांना सवयच होती. उभा जन्म मोंढ्यात गेला, अडतीच्या दुकानात माल पारखण्यात. तुरीचा दाणा दाताखाली फोडायचा, चघळायचा, थुंकायचा आणि सांगायचं, ओल किती, रान कुठलं. तोच कित्ता त्यांनी वाइनला लावला. प्रत्येक वाइनला म्हणे तीन गोष्टी असतात: नाक, पोट आणि शेपूट. "नाक म्हंजे आदी येतो तो वास. पोट म्हंजे तोंडात भरतं ते. आन शेपूट म्हंजे थुंकल्यावरबी जिभंवर राहतं ते. बिनशेपटीची वाइन लय वंगाळ. आली कवा, गेली कवा, पत्त्या न्हाई."

बूच काढताना ते दर वेळी आमच्या परभणीची म्हण म्हणतात, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मग निकाल. इटलीच्या एका बाटलीला त्यांनी सांगितलं, गंगाखेडच्या साखर कारखान्यापुढून यष्टी जाताना मळीचा येतो तो वास. कुणाच्या तरी मुलानं पुण्याहून आणलेल्या फ्रान्सच्या महागड्या बाटलीला, येलदरीच्या धरणाखालचा ओला दगड. पांढरीला, मीठ न लावलेली कैरी. एकदा त्यांनी बळजबरीनं प्याला माझ्या नाकाखाली धरला. खरंच ओल्या दगडाचा वास आला. मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांना भाजी दिली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे आणि मला काळजी करायची खोड आहे. घरात काही नसलं तर मी शेजारची काळजी आणून करते. नानांच्या बायको, म्हणजे काकू, वारल्यावर त्यांनी हा उद्योग सुरू केला, तेव्हा गल्लीनं ठरवलं, म्हातारं चळलं. मीही तेच ठरवलं होतं. ज्या माणसानं दारूपायी पोटची पोर तोडली, तो बाटल्या मांडून बसतो म्हणजे काय?

हो, तोडलीच. वर्षा, नानांची एकुलती एक. कृषी शिकायला नाशिककडं गेली आणि तिकडंच लग्न ठरवलं प्रशांतशी. प्रशांत तिथं वाइन बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. नाना म्हणाले, "माझी पोर दारू गाळणाऱ्याला देणार न्हाई." पोरीनं विचारलंच नव्हतं, सांगितलं होतं. लग्नाला नाना गेले नाहीत. पुढं जावयानं स्वतःच्या हातानं बनवलेली पहिली बाटली सासऱ्याला पाठवली. नानांनी ती फेकली नाही आणि उघडलीही नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीत ज्वारीची कणगी होती, तिच्यात खोल खुपसून दिली. आमच्याकडं जपायची वस्तू ज्वारीतच जाते. आंबे ज्वारीत, अंडी ज्वारीत, काकूंच्या पाटल्यासुद्धा ज्वारीत.

काकू होत्या तोवर मायलेकी फोनवर बोलायच्या आणि नाना कान देऊन पेपर वाचायचे. त्या गेल्यावर फोन नानांच्या हातात आला. "जेवलात?" "जेवलो." "बरं." "बरं." महिनोन्महिने बाप-लेकीचं एवढंच.

आणि यंदा धोंड्याचा महिना आला.

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता साक्षात नारायण. नानांनी फोनवर "बरं" म्हणायच्या जागी म्हटलं, "धोंडे खायला या दोघं." मग वर्षा म्हणाली, "येतो नाना." नाना फोन ठेवून थेट माझ्याकडं आले. चेहऱ्यावर आनंद शोधून सापडेना.

"बाई, ती बाटली त्याला पाजायची हाय."

"धोंड्याच्या महिन्यात? अहो, माझ्या सासूबाई महिनाभर कांदासुद्धा घरात येऊ देत नाहीत."

"नारायणाला त्याच्याच हातचा निवद दावायलोय. ह्यात काय पाप हाय?" मग आवाज उतरला. "पण ती निघंल कशी?"

खरी गोम इथं होती. इतक्या बाटल्या चाखून नानांना आता कळलं होतं, की वाइनला गारवा लागतो, अंधार लागतो. आणि परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची ती खोली म्हणजे भट्टी. कैक उन्हाळे बाटली तिच्यात शिजली होती. नानांचा फ्रिज नेमका बंद पडलेला, म्हणून बाटली माझ्याकडं आली. मी ती पंच्यात गुंडाळून कोथिंबिरीच्या मागं लपवली. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हे बाळंतिणीसारखं गुंडाळून काय ठिवलंय?" मी म्हटलं, "जावयाचा काढा." त्या म्हणाल्या, "जावयाला काय झालंय?" म्हणजे आता न आलेल्या जावयाच्या तब्येतीचीही काळजी माझ्यावर.

नाना दिवसभर फोन करायचे. "बाई, लाईट हाय का?" मे महिन्यात आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी येते. ती गेली की शाळेतल्या प्रशिक्षणात माझं चित्त उडायचं. मी घरी फोन करून सासूबाईंना सांगायचे, फ्रिज उघडू नका. त्या म्हणायच्या, "काढा एवढा नाजूक हाय तर जावई कसा असंल."

"नाना, आधीच उघडून बघा ना," मी एकदा चिडून म्हटलं. "खराब असली तर नाशिकची चांगली दुसरी आणू. त्याला काय कळतंय?"

नाना ओसरीच्या कडेवर बसले. "त्याची पैली बाटली हाय, बाई. दुसरी न्हाई. तवा फेकून दिली असती तर राग म्हणला असता. ठिवली, म्हंजे मनात काईतरी असंलच न्हवं? तुमची काकू गेल्यावर उघडाय घेतली हुती. हात उचलंना. वाटलं, चांगली निघाली तर मीच नालायक ठरतो, आन वाईट निघाली तर पोरीला काय सांगू? मग इचार केला, आदी दुसऱ्याच्या चाखाव्या. नाशिकची अशी लागती, इटलीची तशी लागती. ही कशी असंल ह्याचा अंदाज तरी येईल. पोरीनं कवा इचारलं तर दोन शब्द बोलता आलं पायजेत."

मी इतकी वर्षं ज्याला चळ म्हणत होते, तो हा अभ्यास होता. मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि साखर दोनदा घातली.

ते दोघं आले त्या दिवशी ऊन असं, की कुत्रीसुद्धा गटारीत बसलेली. वर्षानं उंबऱ्यावर नानांच्या पायाला हात लावला आणि तशीच वाकून राहिली. नानांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी मी घेतला.

नानांनी जावयाला पाटावर बसवलं, टोपी-उपरणं दिलं, कुंकू लावलं आणि मला खूण केली. मी पंच्यातून बाटली काढली. प्रशांत तिच्याकडं बघत राहिला.

"ही अजून आहे?" त्यानं बाटलीवरून अंगठा फिरवला. "मामा, कुठं ठेवली होती?"

"ज्वारीत."

"पत्र्याच्या खोलीतल्या?" वर्षानं विचारलं.

"व्हय."

प्रशांत त्या धंद्यातला माणूस. त्याला तिथंच कळलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं काही दिसू दिलं नाही. नानांनी बूच ओढलं, ते अर्धं चुरा होऊन हातात आलं. आज ते "बनी तो बनी" म्हणाले नाहीत. दोन प्याल्यांत ओतली तर विटकरी, गढूळ. नानांनी नाक घातलं, आणि मला लांबूनही तो वास आला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीचा. नानांनी प्याला पाटाशी ठेवला.

"गेली," ते म्हणाले. "मीच मारली. उघडायची तवा उघडली न्हाई. माजं चुकलं, पोरी. लय चुकलं."

वर्षा रडायला लागली. मीही. मोरीत बाटली ओतून यावी म्हणून मी हात पुढं केला, पण प्रशांतनं दुसरा प्याला आधी उचलला. गोल फिरवला, अगदी नानांसारखा. वास घेतला. मोठा घोट घेतला. सवयीनं मी पिकदाणी त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं तो गिळला.

"थुंका की, जावईबापू," नाना घाबरून म्हणाले. "आंबाट इख हाय ते. थुंका."

"कामावर रोज थुंकतोच, मामा," प्रशांत म्हणाला. आंबटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आज घरी आलोय."

 नानांनी आपला प्याला उचलला. फिरवला नाही, वास घेतला नाही. तोंडात घेतली, पिकदाणीकडं मान वळवली, आणि थांबले. गिळली. आयुष्यात पहिल्यांदा. जोराचा ठसका लागला. वर्षानं पाठीवर हात फिरवत विचारलं, "कशी लागली, नाना?"

इतकी वर्षं तयारी केलेला प्रश्न. नाना धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. नाक, पोट, शेपूट, काहीच त्यांना आठवेना.

"बरी हाय," ते म्हणाले. "अजून जरा वाढ."

पिकदाणी त्या दिवशी कोरडीच राहिली. मी ती उचलून मोरीत ठेवली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि धोंडे वाढायला घेतले.