रणोजी सांबराची मखमली शिंगं

एका जंगलात, मुलांनो, रणोजी नावाचं सांबर राहत होतं. नाव रणोजी, पण लढाई म्हटली की झुडपात दडायचं.

थंडी पडली की त्या जंगलात एक रीत होती. नर सांबरांनी माळावर जमायचं, हाळी द्यायची, शिंगाला शिंग भिडवायचं. जो जिंकेल त्याच्याशी सांबरिणी संसार थाटायच्या. रणोजीचा जीव हौसावर जडला होता. आणि हौसावर डोळा होता सर्जेरावाचा. सर्जेराव म्हणजे चालताबोलता डोंगर.

रणोजीची झोप उडाली. तो वानरवैद्यांकडे गेला.

"बुवा, लढाईची फार भीती वाटते हो."

"फार मनाला लावून घेता तुम्ही," बुवा म्हणाले. "ओढ्याकाठी भांग माजलीय. सकाळ-संध्याकाळ पानं चघळा. निसर्गाचं औषध, अपाय शून्य!"

बुवा हे फांदीला उलटे लटकून सांगत होते. रणोजीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानं पानं चघळली. भीती पळाली. पण बाळांनो, प्रत्येकाच्या मेंदूच्या बुडाशी एक इवलीशी गाठ असते. थंडी पडली की ती रक्तातून हुकूम सोडते. मोठी माणसं त्याला हार्मोन म्हणतात. हुकूम पोचला की सांबराच्या अंगात रग येते, शिंगांवरची मखमली कातडी गळते, गळ्यातून हाळी फुटते. रणोजीच्या गाठीपर्यंत आधी भांग पोचली. गाठ पेंगुळली आणि म्हणाली, "उद्या बघू."

लढाईच्या दिवशी रणोजी मखमली शिंगं घेऊनच माळावर गेला. सर्जेराव डरकला. रणोजी म्हणाला, "बस रे जरा. पान खा."

सर्जेरावाला जन्मात कुणी बस म्हटलं नव्हतं. तो विरघळला. बघता बघता सगळे नर गोल करून चघळत बसले.

हौसा तणतणत आली. "मेल्या, लढायला आलास की पंगतीला?"

"लढून काय मिळतं, हौसा?"

"मी!"

"असं होय," म्हणून रणोजीनं पुढचं पान तोंडात टाकलं.

त्या साली जंगलात एकही पाडस जन्मलं नाही. हौसा रिकाम्या गवताकडे बघत उभी राहायची. फार वाईट वाटायचं हो तिला. पण त्याहून वाईट वाटलं वाघोबांना. कोवळं पाडस मिळेना. शेवटी त्यांनी एक पेंगणारं सांबर खाल्लं, तर स्वतःच पेंगत पडले. शिकार समोरून गेली, तरी म्हणाले, "उद्या बघू."

शुद्धीवर येताच त्यांनी सभा बोलावली.

"लेकरांनो!" वाघोबांना हुंदका आवरेना. "तुमच्या संसाराची धूळधाण मला बघवत नाही. पाडसांविना जंगल सुनं सुनं वाटतं. आजपासून भांग बंद!"

"मी पहिल्यापासून विरोधातच होतो," वानरवैद्य म्हणाले. त्यांचा सत्कार झाला.

रणोजीचं काळीज भरून आलं. आपल्यासाठी आजवर कुणी रडलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथे शपथ घेतली आणि पाळलीसुद्धा. गाठ जागी झाली. पुढच्या थंडीत हुकूम सुटला. मखमल गळाली, शिंगं लखलखली. त्यानं सर्जेरावाला रेटत रेटत माळाबाहेर घातलं. मग मान उंचावून अशी हाळी दिली, की अख्खं खोरं दणाणलं.

हौसा लाजत पुढे आली. रणोजीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

इतक्यात गवत हललं.

"पळ!" हौसा ओरडली आणि पळालीसुद्धा. "हाळी ऐकून वाघ आला!"

"घाबरतेस काय, वेडे?" रणोजी छाती काढून उभा राहिला. "ते आपले हितचिंतक आहेत. अभिनंदन करायला जातीनं आलेत."

तात्पर्य : व्यसन वाईटच. पण ते सोडवायला वाघ आला, तर आधी त्याच्या जेवणाची वेळ विचारून घ्यावी.