तात्यांचा पडीक कर

आमच्या दत्ताजी तात्यांनी कोल्हापुरात स्वतःचा एक कर बसवला होता. ज्याच्या घरी एखादी किमती वस्तू नुसती पडून असेल, त्याने, गवळी जिथे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात त्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जमलेल्या मंडळींना पेलाभर धारोष्ण दूध पाजायचे. नाव ‘पडीक कर’. त्याची वसुली तात्या सरकारी खात्याला लाजवील अशा नेटाने करीत.

सायकल दुरुस्त करणाऱ्या बाबालालने हौसेने बाजाची पेटी घेतली आणि तिच्यावर धूळ बसू दिली. त्याला कर बसला. मी पेशाने वकील. माझी मोटारसायकल पावसाळाभर ताडपत्रीखाली राहिली, तेव्हा तात्यांनी मला भर कट्ट्यावर गाठले.

“वकील, लेथ फिरला तर भांडवल, न्हायतर नुसतं लोखंड. पाजा दूध!”

उद्यमनगरच्या कारखान्यात उभी हयात लेथवर लोखंड कातलेल्या माणसाला असे बोलण्याचा अधिकार होता.

आता गावात सांगतात की तात्या चक्रम होते, त्यांना अर्थशास्त्रातले ओ की ठो कळत नव्हते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण कट्ट्यावर नसे. मी असे. वर्षानुवर्षे त्यांच्याशी भांडलो तो मी. माझा सिद्धान्त असा की, कर घ्यावा तो भांडवलाच्या उत्पन्नावर. व्याजावर, भाड्यावर, लाभांशावर. म्हैस मालकाची राहू द्यावी, सरकारने दुधातला वाटा घ्यावा. हे ऐकले की तात्या उसळत.

“म्हंजे जो वैरण घालतोय, धार काढतोय, त्यानं कर भरायचा, आणि ज्यानं सोनं पुरून ठेवलंय त्यो मिशीला पीळ देत बसणार व्हय? म्हशीवर कर बशवा, म्हशीवर! मग बघा, एकेक जण कसा आपला माल कामाला लावतोय.”

“आणि म्हैस आटली तर?”

“आटली तर इकावी. त्यात काय?”

हा युक्तिवाद बिनतोड नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण तो वेडाचा नव्हता. मोठ्या पदांवरच्या विद्वानांकडून मी याहून पोकळ युक्तिवाद ऐकले आहेत.

तात्यांच्या गोठ्यात गौरा नावाची म्हैस होती. तिचे सारे त्यांच्या पत्नी हौसाक्का बघत. अक्कांखेरीज कुणाचा हात ती कासेला लागू देत नसे. तात्यांवर तर शिंग उगारी. “घरात दोघीबी माझं ऐकत न्हाईत,” असे तात्या मोठ्या अभिमानाने सांगत.

एका हिवाळ्यात हौसाक्का गेल्या. गौरा आटली, आणि पुन्हा गाभण राहिलीच नाही. मलकापूरचा एक व्यापारी तिला मागायला आला. तात्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. हे बाबालालच्या कानावर आले. तात्यांना थोडे हसवावे, एवढ्याच हेतूने तो संध्याकाळी कट्ट्यावर म्हणाला, “तात्या, आटलेली म्हस दारात बांधलीया. आता तुमचा कर काढा की!”

कुणी हसले नाही. तात्यांनी गवळ्याकडे पाहिले. “सगळ्यांस्नी एकेक पेला भर.”

“तात्या,” मी म्हणालो, “माझ्या कायद्याने तुम्ही काही देणे लागत नाही. उत्पन्न नाही, तर कर नाही.”

“तुमचा कायदा चांगला हाय, वकील. पर कट्ट्यावर माझा चालतोय.”

“मग तुमच्याच कायद्याने विका तिला.”

तात्यांनी पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

यापुढची हकीकत गाव रंगवून सांगते. म्हणे, कर चुकवण्यासाठी तात्या बायकोचे लुगडे नेसून गौराची धार काढायला बसत. धादांत खोटे! कर ते दर शनिवारी न सांगता भरत, दुसऱ्याच्या म्हशीचे दूध विकत घेऊन. आणि लुगड्याचे म्हणाल, तर ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

एका शनिवारी ते कट्ट्यावर आले नाहीत, म्हणून मी घरी गेलो. तात्या गोठ्यात पालथ्या पाटीवर बसले होते. खांद्यावर अक्कांचे हिरवे लुगडे. नेसलेले नव्हते, पांघरलेले होते. हातात वैरणीची पेंढी. अक्का गेल्यापासून गौराने खाणे टाकले होते. त्या लुगड्याशी नाक नेले, तरच ती चार काड्या ओढी.

“खा की बाई,” तात्या म्हणत होते. कट्टा दणाणून सोडणारा तो आवाज इतका खाली येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

मला पाहूनही त्यांनी लुगडे काढले नाही.

“तुम्ही जावा कट्ट्यावर. दुधाचं गवळ्याला सांगितलंय. हिचं जेवाण व्हायला येळ लागतोय.” मग लुगड्याचा पदर नाकाशी नेऊन ते म्हणाले, “ह्याचा वास कमी व्हाय लागलाय, वकील. धुतलं न्हाय, उन्हात टाकलं न्हाय, तरी जातोय. संपला म्हंजे ही काय खाईल?”

मी चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.