काटेसाहेबांनी गुडघा राखिला, त्याची हकीकत

ऐकणारांनी चित्त ठिकाणावर ठेवावे. काटेसाहेबांचे घरी संगणकी गुडघा आला कसा, हातचा जाऊ लागला कसा आणि अखेर कोणत्या मसलतीने राहिला, याविषयी गल्लीत नाना वदंता आहेत. कोणी म्हणतो वशिला लाविला, कोणी म्हणतो इस्पितळात रडले. दोन्ही लटके. सबब खरे वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचा मीठमसाला न घालिता, लिहितों. थोडा पडलाच असेल तर तो चवीपुरता समजावा.

काटेसाहेब म्हणजे वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. नाव निराळे, परंतु चौतीस वर्षे लोकांचे वजनकाटे तपासिले म्हणून गल्लीने हा किताब बहाल केला आणि त्यांनीही तो कबूल केला. नोकरीचे काळी दरारा ऐसा की, स्वारी बाजारात शिरली म्हणजे तराजू आपसूक सरळ होत, आणि कोणी दुकानदार वहीत चूक जाहली म्हणून गयावया करू लागला की साहेबांचे एकच फर्मान सुटे, "वहीत दिसतं तेच खरं." मग सात वर्षांमागे एके सकाळी वाहनकाट्यावर लॉरी मागे सरकली आणि साहेबांचा डावा पाय मांडीपासून गेला. तो प्रसंग थोर दुःखाचा. त्याची थट्टा या कलमास करवत नाही, म्हणून पुढे जातों.

इस्पितळाने तेव्हा साधा खटक्याचा गुडघा दिला. तो चाकर इमानी, परंतु अकलेने मंद. पाय सरळ असता भार बिनतक्रार पेली, आणि जरा वाकला असता भार आला की तत्क्षणी शत्रूस फितूर होई आणि धनी जमिनीवर येई. ऐसे असता साहेब दर मंगळवारी दुपारी काठी घेऊन एकटेच बाजारास कूच करीत, आणि भाजीवाल्यांचे काट्यांवर करडी नजर टाकीत, आणि परत येत. अधिकार गेला, पगार गेला, परंतु त्या एका फेरीच्या आधारावर आठवड्याचे बाकी सहा दिवस निभावीत. इकडे बाईसाहेबांचा, म्हणजे त्यांचे कुटुंबाचा, हुकूम पूर्वीच जाहीर जाहला होता की, एकदा जरी पडलात तरी एकट्याने बाहेर जाणे बंद. तेव्हापासून साहेब पडतच नसत. निदान घरी तसे कळवीत नसत.

ऐशियात इस्पितळास एक संगणकी गुडघा देणगीदाखल प्राप्त जाहला. पाय गमावलेले चौघे उमेदवार, गुडघा एक. मग इस्पितळाचे समितीने ठराव केला की, चौघांनीही चार आठवडे जुन्या गुडघ्यावर आणि चार आठवडे नव्यावर पाळीपाळीने चालावे, पडले तर वहीत लिहावे, आणि ज्याचे पडणे नव्याने सर्वांत अधिक घटेल त्यास तो कायमचा द्यावा. फिजिओथेरपीच्या मुख्य, ज्यांस सारे व्यायामबाई म्हणत, त्यांनी वही हाती देऊन बजाविले, "गुडघा पावलं मोजतो काका, पडणं नाही मोजत. ते तुम्हीच लिहायचं. आणि खरं लिहायचं."

येथे साहेबांचा घात जाहला, आणि घात करणारे खासे साहेबच. वही दिवाणखान्यात टेबलावर, बाईसाहेबांचे डोळ्यांसमोर. मग न्हाणीघराचे उंबऱ्याशी पडले तेव्हा बादली निसटली असे जाहीर केले, आणि वहीत शून्य लिहिले. पोस्टाचे उतारावर गुडघा मुडपला आणि तिकिटाचे खिडकीपर्यंत घसरत गेले, तेव्हा कोणी ओळखीचे नाही हे इकडे तिकडे पाहून नक्की केले, धूळ झटकली आणि वहीत शून्य लिहिले. बसच्या पायरीवर पडले, ते बसने धक्का दिला म्हणून बसच्या नावे टाकिले. ऐसी चार आठवड्यांची अठ्ठावीस शून्ये, एकेक वाटोळे, सुबक, खाली तारीखवार सही. उभ्या खात्यात इतकी स्वच्छ वही कोणी पाहिली नसेल.

मग नवा गुडघा आला. आत तेल, तेलावर झडप, झडपेवर संगणक, आणि तो पावलोपावली पायाची बातमी काढून तेल आवळी किंवा सैल सोडी. दररोज रात्री त्यास फोनाप्रमाणे चार्जिंगला लावणे. व्यायामबाईंनी पोस्टाचे त्याच उतारावर मोहीम नेमिली आणि हुकूम केला की, काठीवर न रेलता भार खुशाल गुडघ्यावर टाकावा, तो वाकेल परंतु सोडणार नाही. साहेबांनी चौतीस वर्षांत कोणाचे शब्दावर माप पास केले नव्हते. उताराचे माथ्यावर दहा मिनिटे मुक्काम पडला, मागे लोकांची रांग लागली, आणि एका टपालवाल्याने पुढे जाऊ का म्हणून अदबीने पुसले. मग साहेबांनी डोळे मिटले आणि भार टाकिला. गुडघा सावकाश वाकला, जड दारासारखा, आणि धरून राहिला. एक पाऊल, मग दुसरे, मग खाली. साहेब वर गेले आणि पुन्हा उतरले, ऐसे चार वेळा.

पुढे चार आठवडे साहेब एकदाही पडले नाहीत. दोन वेळा फरशीत बूट अडकला, दोन्ही वेळा गुडघ्याने सावरिले. वहीत पुन्हा अठ्ठावीस शून्ये, आणि ही अस्सल.

निकालाचे दिवशी साहेब नवी पँट घालून, बाईसाहेबांस सोबत घेऊन व्यायामबाईंचे खोलीत हजर जाहले. व्यायामबाईंनी पहिली पाने चाळली, दुसरी चाळली, आणि प्रसन्न मुद्रेने निवाडा सांगितला, "काका, कमाल आहे तुमची. जुन्यावर शून्य, नव्यावरही शून्य. तुम्हाला या गुडघ्याची गरजच नाही. दुपारी काढून घेऊ."

साहेबांचे तोंडचे पाणी पळाले. प्रथम त्यांनी आडवाटेने हल्ला केला की, नव्यावर मनाला धीर वाटतो. व्यायामबाई म्हणाल्या, धीराचा रकाना नाही. मग म्हणाले, जुन्या आठवड्यांत नशीब जोरावर होते. त्या म्हणाल्या, नशिबाचाही नाही. "वहीत दिसतं तेच धरावं लागतं, काका." हे वाक्य साहेबांनी हजार वेळा टाकिले होते, झेलण्याचा प्रसंग पहिलाच. एका बाजूस गुडघा, दुसऱ्या बाजूस बाईसाहेबांचा हुकूम. गुडघा गेला तर पुन्हा पडणे आहेच, आणि खरे बोलले तर फेरी आजच बंद. 

अखेर साहेबांनी मान खाली घालून शस्त्र ठेविले. "पडलो होतो," म्हणाले. "सहा वेळा. लिहिलं नाही."

व्यायामबाई नरमल्या, परंतु वाकल्या नाहीत. "काका, माझा विश्वास आहे. पण बाकी तिघांनी पडल्या दिवशी लिहिलंय. आज तुम्ही सांगता आणि मी धरते, तर समितीला काय सांगू? कोणी बघितलं का तुम्हाला पडताना?"

कोणी पाहू नये याच खटपटीत साहेबांनी सारी हुशारी खर्चिली होती. 

"सहा नाही, नऊ," बाईसाहेब म्हणाल्या.

साहेबांनी चमकून पाहिले, आणि सवयीने हुज्जत घातली, "तीन वेळा पडलो नाही, नुसता बसलो."

"रस्त्याच्या मधोमध कोणी बसत नाही, अहो." मग व्यायामबाईंकडे वळून सांगू लागल्या. "दर मंगळवारी मी ह्यांच्या मागे असायची. चाळीस पावलांवर, पिशवी घेऊन. पोस्टापाशी पडले तेव्हा मी धावलेच होते हात द्यायला. पण ह्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. मग मी खांबामागे झाले. मला बघितलं असतं तर उठले असते हे, पण परत कधी बाहेर पडले नसते." येथे त्यांचा आवाज जरा फुटला. "घरातलं काय, ते मला ऐकू येतंच. बादलीचा आवाज वेगळा असतो."

साहेबांचे डोळे भरले. सात वर्षे आपण एकट्याने मोहिमा मारल्या ऐसा त्यांचा समज, आणि पिछाडी कोण सांभाळीत होते ते आज कळले. व्यायामबाईंनी तारखा पुसल्या, बाईसाहेबांनी सगळ्या सांगितल्या. मग पुसले की, नव्या गुडघ्याच्या आठवड्यांतही मागे होतात काय.

"पहिले दोन मंगळवार मी मागे गेले. तिसऱ्याला कोपऱ्यावरून परत फिरले." बाईसाहेब जरा ओशाळल्या. "चौथ्याला घरीच होते. डोळा लागला माझा."

व्यायामबाईंनी हेही वहीत उतरविले, आणि साहेबांस लेखणी दिली. मग साहेबांनी स्वहस्ते नऊ शून्यांवर रेघ ओढिली, नऊ ठिकाणी एक लिहिले, प्रत्येक खाडाखोडीशी सही केली आणि शेजारी बाईसाहेबांनी साक्ष घातली. समितीने तिसरे प्रहरी कागद पाहिले. चौघांत सर्वांत मोठा फरक साहेबांचा निघाला, नऊवरून शून्य, आणि गुडघा त्यांस कायमचा बहाल जाहला. पूर्वीचे हुकुमाचे काय जाहले, हे पुसण्याची हिंमत साहेबांस वाटेत जाहली नाही, आणि बाईसाहेबांनीही तो विषय काढिला नाही.

पुढील मंगळवारी स्वारी बाजारास निघाली. पोस्टाचा उतार उतरून साहेब थांबले आणि सात वर्षांत प्रथमच, कोणी असावे ऐशा आशेने, मागे वळून पाहिले. खांबामागे कोणी नव्हते. क्षणभर ओकेबोके वाटले, हे लपवीत नाही. मग काटे पाहून, दोघांस दम भरून परत आले, तो बाईसाहेब पलंगावर गाढ निजलेल्या, चपला दाराआड, पिशवी खुंटीस. साहेबांनी आवाज न होऊ देता खुर्ची ओढिली, गुडघा वाकवून बसले आणि त्या जाग्या होईतों चहाचे नाव काढिले नाही. येणेप्रमाणे गुडघा कायम, फेरी कायम, आणि बाईसाहेबांची दुपारची झोप सात वर्षांनी पुन्हा काबीज जाहली. ही फत्ते येथे नमूद केली असे.