मेट्रनबाईंचा मऊ आवाज

"या वॉर्डातून आता एकही राजीनामा येणार नाही, साहेब! आला तर माझं नाव बदला!" मेट्रनबाईंनी अधीक्षकांना छातीठोकपणे सांगितलं.

सांगणं भागच होतं. त्यांच्या ओरडण्याला कंटाळून दोन सिस्टर सोडून गेल्या होत्या. तिसरी गेली की बाईंची खुर्चीही जाणार होती! म्हणून तर अधीक्षकांनी त्यांना 'प्रेमळ नेतृत्वा'च्या शिबिराला धाडलं होतं. तिथून बाई पार साखरेत घोळून परत आल्या.

आल्या आल्या त्यांनी सिस्टरला हाक मारली. हाक कसली, कुजबुजच ती!

"सिस्टर, जरा बसता का? पाणी हवंय?"

तो मऊ आवाज सगळा वॉर्ड ओळखून होता. एरवी तोफ असलेल्या बाई तो फक्त नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना काढत.

"मॅडम, आमच्या ह्यांना काही झालं का हो?"

"छे, छे! मी आपली तुमची चौकशी करतेय."

"म्हणजे झालंय! सांगून टाका, मी सोसेन!" असं म्हणत सिस्टर ढसाढसा रडायला लागली आणि फोन शोधत बाहेर पळाली.

बाई बुचकळ्यात पडल्या. शिबिरात तर सगळे टाळ्या वाजवत होते! मग त्या हर्नियाच्या आजोबांकडे वळल्या. आजोबा ठणठणीत होते, उद्या घरी जायचे होते.

"आजोबा, काही हवंय का? मनात काही असेल तर सांगा हं."

आजोबांनी हातातलं केळं खाली ठेवलं.

"सूनबाई," ते खाटेशी बसलेल्या सुनेला खोल आवाजात म्हणाले, "पोरांना बोलावून घे."

तासाभरात तिन्ही मुलगे खाटेभोवती जमले. आजोबांनी माडीवरची खोली धाकट्याला देऊन टाकली.

"आणि आम्ही काय घोडं मारलंय?" थोरला गरजला. धाकट्याने बाह्या सरसावल्या. सुनेने गळा काढला.

तेवढ्यात सिस्टर परत आली. "हे घरी मजेत घोरताहेत! म्हणजे वाईट बातमी माझ्या नोकरीचीच. तुम्ही काढण्याआधी मीच राजीनामा देते!"

झालं! बाईंच्या डोळ्यांपुढे खुर्ची तरंगत गेली. घाबरल्या बिचाऱ्या, आणि घाबरल्यावर तोफ आपोआप उडाली.

"खबरदार! राजीनामा म्हणे! आधी ते सलाइन बदला, संपत आलंय! आणि आजोबा, मेलं ते केळं संपवा! तुम्हाला काय धाड भरलीय? बाकीचे सगळे बाहेर!"

सिस्टरचा चेहरा एकदम खुलला. "अगंबाई, म्हणजे सगळं ठीक आहे!" ती हसत सलाइनकडे धावली. आजोबांनी केळं उचललं आणि माडीवरची खोली परत घेतली.

गलका ऐकून अधीक्षक दारात आले. बघतात तो पेशंट खुशीत, सिस्टर हसतेय!

"वा, बाई! शिबिराचा एवढा परिणाम? उद्या सगळ्या वॉर्डांच्या प्रमुखांपुढे तुमचं भाषण ठेवतो. हॉल मोठा आहे, माइक लावायला सांगतो."

सिस्टरच पुढे झाली.

"माइक राहू द्या, साहेब. फक्त खिडक्यांच्या काचा तेवढ्या काढून ठेवा!"