वीस ग्रॅम मिळालेच पाहिजेत!

विज्ञानात कस्तुराला नापास करेल असा माणूस अजून पिंपरीत जन्माला यायचा होता! हे मत खुद्द कस्तुराचं. आणि ते तिनं कॉलनीच्या नळावर, कंपनीच्या बसमध्ये आणि दळणाच्या रांगेत इतक्यांदा ऐकवलं होतं की, ती डबा घेऊन येताना दिसली की गिरणीवाला आपला काटा फडक्यानं झाकून ठेवायचा.

बाईचा तोरा उगाच नव्हता. औषधांच्या कंपनीत वजनखोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. हुद्दा हेल्परचा. म्हणजे काटा तिनं पुसायचा, पावडर तिनं मोजायची, आकडा तिनं लिहायचा आणि साहेब म्हणून मिरवायचं एका बी.एस्सी. झालेल्या पोरानं, ज्याला वजनाचा चिमटा कसा धरायचा हे तिनंच शिकवलेलं. आता त्याच खोलीत सहायकाची जागा निघाली होती. कस्तुरानं अर्ज केला. मॅनेजर म्हणाला, "दहावी पास पाहिजे. जूनपर्यंत थांबतो. पास झालात तर जागा तुमची, नाही तर बाहेरचा माणूस घेतो."

बाहेरचा माणूस! कस्तुराच्या डोक्यात जी सणक गेली, ती सतरा नंबरचा फॉर्म भरूनच खाली आली. वय वर्षं छत्तीस, पदरात तीन पोरं, आणि बाई दहावीला बसल्या.

"इंग्रजीचं कसं करणार?" तिच्या नवऱ्यानं, भीमराजनं विचारलं. तो दुसऱ्या एका कंपनीत प्रेस चालवायचा आणि युनियनमध्ये गेटवर घोषणा द्यायचा.

"इंग्रजीत पस्तीस. बीजगणितात पस्तीस. व्याख्या काही माझ्या तोंडात बसत नाहीत, ते जाऊ दे. पण विज्ञानाच्या प्रयोगाला वीस गुण आहेत, ते वीस माझे! कुणी देत नसेल तर हिसकून आणीन!"

तर एकोणऐंशी सालच्या त्या रविवारी चिंचवडच्या एका शाळेत बाहेरून बसलेले सोळा उमेदवार प्रयोगशाळेत जमले. सगळे कंपन्यांतले. एक जण तर तिसरी पाळी करून अंगावरच्या तेलकट खाकी कपड्यांतच आला होता. शाळेच्या पोरांची तुकडी सकाळीच उरकली होती. बोर्डानं नेमलेले परीक्षक उद्धवराव तळेगावाहून आले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, हातात लाल पेन्सिल, आणि चेहरा असा की जणू एरंडेल घेऊनच निघालेत.

प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची. कुणाला लिटमस, कुणाला भिंग, कुणाला लोहचुंबक. कस्तुराची चिठ्ठी निघाली: 'दिलेल्या पितळी गोळ्याची घनता काढा.' तिला हसूच फुटलं. अहो, माशाला पोहून दाखव म्हणण्यापैकीच ते! शेजारी निघोज्याचा तात्याबा उभा होता. घरची शेती, नोकरी भोसरीत लेथवर. त्यालाही घनताच आली होती आणि घाम फुटला होता.

"ताई, घनता म्हंजी काय वो?"

"वस्तू किती भरली, त्याला तिनं किती जागा खाल्ली त्यानं भागायचं."

"आत्ता! आन् पुस्तकात त्याला चार वळी लावल्यात व्हय!"

शाळेत धड काटा एकच. दोघांनी आळीपाळीनं वापरायचा. कस्तुरानं आधी काट्याचा ओळंबा पाहिला, स्क्रू फिरवून काटा सपाट केला, पारडी पुसली आणि शाळेचा शिपाई धोंडीबा याला विचारलं, "काट्याची वही कुठाय?"

"कसली वही?"

"काटा शेवटचा कधी तपासला त्याची."

"मी शाळेत लागलो तवापासनं काटा हितंच हाय," धोंडीबा म्हणाला. "कुठं जायाचाय त्यो?"

कस्तुरानं निमूटपणे गोळा ठेवला. एका पारड्यात गोळा, दुसऱ्यात पन्नास, वीस, दहा आणि एक. काटा मधोमध थांबला. एक्याऐंशी ग्रॅम! तिनं उत्तरपत्रिकेवर आकडा लिहिला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं कागद शेजारी सरकवला.

"भाऊ, काटा बघा आणि हितं सही करा."

वजनखोलीचा कायदाच तसा होता. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं डोळ्यांनी बघून शेजारी सही करायची. सही नसलेलं वजन कंपनी धरायचीच नाही. तात्याबानं काटा पाहिला, मान डोलावली आणि झोकदार सही ठोकली.

"कॉपी!"

उद्धवराव इतक्या जोरात ओरडले की लिटमसवाल्याचा कागद आम्लात पडला.

"भर दिवसा! माझ्या डोळ्यांदेखत! बाई, बावीस वर्षं परीक्षा घेतोय. लोक चोरून कॉपी करतात. तुम्ही तर चक्क सही घेऊन करताय!"

"कॉपी कसली साहेब? त्यांनी तपासलंय. उद्या आकडा चुकला तर दोघं जबाबदार!"

"ही परीक्षा आहे, कंपनी नाही!"

"म्हणजे परीक्षेत चुकलं तर चालतं का?" कस्तुरानं विचारलं.

उद्धवरावांनी सरळ छापील कागद ओढला आणि कॉपीचा अहवाल लिहायला घेतला. तो अहवाल बोर्डाकडे गेला की परीक्षा रद्द, जून गेला आणि जागाही गेली. आणि घाबरली की कस्तुराचा आवाज चढायचा, ही तिची जुनी खोड.

"आणि कॉपी करून लिहिलंय काय, तर एक्याऐंशी!" उद्धवराव लिहिता लिहिता म्हणाले. "तेही चूक! सकाळी नऊ पोरांना हाच गोळा होता. नवाच्या नऊ जणांना चौऱ्याऐंशी ग्रॅम आणि घनता आठ पूर्णांक चार आली!"

"नवाच्या नऊ जणांना?"

"अगदी दशांशापर्यंत!"

कस्तुराचे डोळे बारीक झाले. आजवर तिच्या खोलीत नऊ जणांची वजनं दशांशापर्यंत कधी जुळली नव्हती, आणि ज्या दिवशी जुळली त्या दिवशी कुणीतरी घरी बसून आकडे भरलेले निघाले होते. ती वजनाच्या पेटीकडे वळली. दहा, पाच, दोन, दोन आणि एक मिळून वीस व्हायला हवेत. तिनं ते एका पारड्यात ठेवले, वीसचं वजन दुसऱ्यात. वीसचं पारडं धपकन खाली बसलं! मग तिनं शेजारच्या टेबलावरचा लोहचुंबक उचलला आणि त्या पिवळ्याधमक वजनाजवळ नेला. टक्! चिकटलं!

"साहेब, पितळ कधीपासून लोहचुंबकाला चिकटायला लागलं?"

धोंडीबा मागच्या मागं सटकत होता. तात्याबानं त्याला दंडाला धरून उभा केला.

"आवो, खरं वजन हरवलं चार वर्सामागं," धोंडीबा रडवेला झाला. "म्हनून भोसरीच्या वर्कशापातनं नट घासून आनला, वर पिवळा रंग मारला. बराबर वीस ग्राम हाय! मी सोता मोजला!"

"कशावर मोजला?"

"ह्याच काट्यावर!"

"दुसऱ्या पारड्यात काय ठेवून?"

"वीसचं वजन... " धोंडीबा बोलता बोलता थांबला. "न्हाई, ते तर हरवलं हुतं. अंदाजानंच मोजला जनू."

झालं! कस्तुराच्या अंगातली वजनखोली जागी झाली. वजन खोटं निघालं की तिथं एकच करायचं असतं. तिनं हात वर केला आणि छातीच्या देठापासून ओरडली:

"होल्ड!"

आता गंमत बघा. शाळेची पोरं असती तर नुसती बघत राहिली असती. पण हे सोळा जण कंपन्यांतले! 'होल्ड' ऐकलं की मशीन थांबवायचं आणि हात वर करायचे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. भिंगवाल्यानं मेणबत्ती विझवली. लिटमसवाल्यानं हात वर केले. तिसऱ्या पाळीचा गडी उभ्या उभ्या पेंगत होता, त्यानं डोळे न उघडताच हात वर केले. अख्खी प्रयोगशाळा हात वर करून गप्प उभी!

उद्धवरावांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "धोंडीबा! पळ! मोठ्या बाईंना सांग, ह्या लोकांनी संप केला!"

धोंडीबाला तेवढंच हवं होतं. तो ओरडत सुटला, "संप! संप झालाय!" मुख्याध्यापिका इंदुताईंच्या खोलीवरून ओरडत तो फाटकापर्यंत गेला, आणि फाटकाशी बायकोची वाट बघत कोण उभा होता? भीमराज! आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांचे नातेवाईक, त्यातले निम्मे युनियनवाले. संप कशाचा, कुणाचा, हे विचारण्यात वेळ घालवील तर तो भीमराज कसला!

"कामगार एकजुटीचा...!"

"विजय असो!"

तीस माणसं घोषणा देत प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. भीमराजनं गजांना धरून आत डोकं घातलं आणि हळूच विचारलं, "कस्तुरा, आपली मागणी काय गं?"

"मागणी? अहो, वीस ग्रॅमचं खरं वजन पाहिजे!"

भीमराजनं मागं वळून मूठ उगारली. "वीस ग्रॅम वजन...!"

"मिळालंच पाहिजे!"

"वजन नाही, वस्तुमान!" उद्धवराव खुर्चीच्या मागं लपले होते, पण शिक्षक तो शिक्षकच. "ग्रॅममध्ये वस्तुमान! वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला जेवढ्या बलानं ओढते ते!"

"ऐकलंत का?" भीमराज गर्दीला म्हणाला. "वीस ग्रॅम वस्तुमान...!"

"मिळालंच पाहिजे!"

तेवढ्यात धोंडीबाला पुढं घालून इंदुताई आत आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. उद्धवराव मात्र हटेनात. "कशावरून नटच खोटा? बाकीची वजनं हलकी असतील! रविवारी दुसरी पेटी आणायची कुठून?"

"पेटी कशाला? पाणी आहे की," कस्तुरा म्हणाली. "एक घन सेंटीमीटर पाणी, एक ग्रॅम. तुमच्याच पुस्तकात आहे."

तिनं डाव्या पारड्यात रिकामं चंचुपात्र ठेवलं आणि उजवीकडे वाळू टाकून काटा समतोल केला. मग मोजपात्रानं वीस घन सेंटीमीटर पाणी चंचुपात्रात ओतलं आणि वाळूशेजारी नट ठेवला. नट खाली! एकवीस. नट खालीच. बावीस. गजांतून तीस डोकी आत आलेली, श्वास रोखलेले. तेवीस! काटा मधोमध उभा राहिला आणि खिडकीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्हणजे नट तेवीसचा. माझ्या एक्याऐंशीत तीन मिळवा. चौऱ्याऐंशी," कस्तुरानं सांगितलं. मग तिनं गोळा दोऱ्यानं मोजपात्रात सोडला. पाणी दहा घरं चढलं. "घनता आठ पूर्णांक चार."

"एवढा तमाशा करून उत्तर तेच आलं ना!" उद्धवराव म्हणाले.

"तेच आलं. पण मी मोजून आणलं. सकाळच्या नऊ जणांनी ह्या नटानं चौऱ्याऐंशी आणलेच कसे, ते विचारा तुमच्या धोंडीबाला!"

धोंडीबा छताकडे बघू लागला. दर वर्षी गोळा तोच, उत्तर तेच, आणि घाबरलेल्या पोरांच्या कानात ते सांगणाराही तोच.

"ते असो. दुसऱ्या उमेदवाराची सही घेतली ती घेतलीच!" उद्धवरावांनी अहवाल इंदुताईंपुढे धरला. "साक्षीदार म्हणून इथं सही करा."

कस्तुरा पुढं झाली. "कशाला? तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, तुम्ही लिहिलंय. आता दुसऱ्याची सही कशाला पाहिजे?"

"त्याशिवाय बोर्ड धरत नाही म्हणून!"

एवढं बोलून उद्धवराव स्वतःच थबकले. खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. इंदुताईंनी पेनाचं टोपण लावलं. "मी सही करीन सर. पण खाली नटाचंही लिहावं लागेल, आणि तुम्ही नऊ जणांना दिलेल्या पुऱ्या गुणांचंही. लिहू?"

उद्धवरावांनी अहवालाचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि कस्तुराची उत्तरपत्रिका पुढं ओढली. लाल पेन्सिल ओळीओळीवरून फिरत शेवटच्या ओळीवर थांबली. आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आठ पूर्णांक चार काय? मैल? पायल्या? म्हशी? बाई, तुम्ही एकक लिहिलेलं नाही! ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर! एक गुण कापला!"

कस्तुरानं वाकून पाहिलं. खरंच नव्हतं लिहिलं! कान तापले तिचे, पण माघार घेईल तर ती कस्तुरा कसली! तिनं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकच कापता? आमच्या खोलीत एकक नसलेला आकडा सापडला ना, तर सगळीच्या सगळी बॅच फेकून देतात!"

"असं?" उद्धवरावांनी लाल पेन्सिल पुन्हा उचलली, तिचं टोक जिभेला लावलं आणि गुणांच्या चौकोनावर नेलं. "मग फेकू सगळे वीस?"

कस्तुरानं एकदा पेन्सिलीकडे पाहिलं. एकदा खिडकीकडे पाहिलं. भीमराज मूठ वर करून पुढच्या घोषणेची वाट बघत होता. तिनं डोळ्यांनीच त्याला मूठ खाली घ्यायला लावली, खोचलेला पदर हळूच सोडला आणि अकरा वर्षांत कुठल्याच साहेबानं ऐकला नसेल अशा मऊ आवाजात म्हणाली,

"नको साहेब. एकोणीस पुष्कळ झाले."