धाकटीकडे उतरलेला पाहुणा

चित्रकार या वर्षी धाकटीकडे उतरले, ही बातमी थोरलीला दुधाच्या पातेल्यापाशी कळली आणि दूध उतू गेलं.

जंगलाकाठच्या त्या गावाने समिती काढून आठ घरांत पाहुण्यांसाठी खोल्या केल्या होत्या. जाताना पाहुण्याने फॉर्म भरायचा: मुक्काम कसा झाला, पुन्हा याल का? चित्रकार सलग चार वर्षं थोरलीकडे राहिले होते आणि चारही वेळा त्यांनी 'नक्की येणार' असं लिहिलं होतं. आले खरे, पण समोर, तिच्या धाकट्या जावेच्या घरी.

"काय कमी पडलं त्यांना?" थोरलीने नवऱ्याला विचारलं.

"त्यांनाच विचार की."

"मी कशाला विचारू? माझं काय अडलंय?"

चित्रकार सकाळपासून धाकटीच्या ओसरीवर खुर्ची टाकून इकडेच बघत बसायचे. धाकटी त्यांना आपल्या भिंतीचे पोपडे दाखवते आहे, याची थोरलीला खात्रीच पटली. तिने घरातल्या सगळ्या चादरी धुऊन अंगणभर वाळत टाकल्या. तरी त्यांची नजर दारावरच्या फुलांच्या वेलाकडे. राहायचं तिच्याकडे आणि फुलं बघायची माझी? थोरलीने कोयता घेऊन वेल मुळापासून छाटला.

तिसऱ्या दिवशी चित्रकार अंगणात आले.

"वहिनी, या चादरी कधी वाळणार?"

"तुम्हाला काय त्रास होतोय त्यांचा?"

"तुमच्या घराचं चित्र काढतोय. चार वर्षं आत राहिलो, बाहेरून नीट बघणं झालंच नाही. म्हणून समोर खोली घेतली." ते दाराकडे बघत राहिले. "वेल कुठे गेला?"

"कीड लागली होती," थोरली कशीबशी म्हणाली.

मग त्यांनी दिसलं तसं चित्र काढलं. चादरींवरून डोकावणारे दोन डोळेसुद्धा सोडले नाहीत. समितीला ते इतकं आवडलं, की नव्या माहितीपत्रकावर तेच छापलं. फोन येऊ लागले. थोरलीने खोलीला रंग काढला, नव्या उशा आणल्या. मग समितीचे सचिव यादी घेऊन आले. अकराच्या अकरा पाहुण्यांना धाकटीची खोली हवी होती.

"चित्रातलं घर दिसेल अशी खोली द्या म्हणतात," ते म्हणाले.

थोरली तरातरा भांडायला गेली. धाकटीने तिला ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. चुली वेगळ्या झाल्यापासून बारा वर्षांत थोरली इथे कधी बसली नव्हती. जे बोलायचं ते पायरीवरूनच. तिने समोर पाहिलं. कौलांवर ऊन उतरलं होतं, मागे जंगल, मधे तिचं घर. भांडणाचं पहिलं वाक्यच ती विसरली.

"बरं दिसतं गं," ती म्हणाली.

धाकटीने कप जरा आपटूनच ठेवला. "तुम्ही आज बघताय. मी बारा वर्षं बघतेय. रोज दार उघडलं की तेच."

चहात साखर घालायची राहिली होती. थोरलीने तो शेवटच्या घोटापर्यंत चवीने प्यायला.